मागच्या दाराजवळची जाळी

प्रिय मारामा,

तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तोंडानं बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहिते आहे. तुझी आई म्हणाली, तू गणवेश इस्त्री करून कपाटात टांगला आहेस आणि नोकरी राहते की जाते याची वाट बघते आहेस.

सिंगापूरच्या विमानातली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. छत्तिसाव्या रांगेतले, टोंगा बेटावरचे आजोबा हात चोळत म्हणाले, "पोरी, गारठलो गं," आणि तू मागच्या भागाचं तापमान दोन अंशांनी वाढवलंस. आपल्यातल्या निम्म्या जणी "कॅप्टनना कळवलंय हं" म्हणून पुढे सटकतात, आणि प्रवाशाला तेवढ्यानंच ऊब येते. तू खरंच बटण दाबलंस. नोंदीत तेच राहिलं.

पुढे मागचा भाग भट्टीसारखा तापला. तू आकडा खाली आणत होतीस, पण पडद्यावर केबिनचं तापमान आधीच अठरा अंश दिसत होतं. कॅप्टन फोनवर म्हणत होते, "इथं तर सगळं ठीक दिसतंय, बायांनो." आजोबा शुद्ध हरपून कोसळले. तू त्यांच्या मनगटांवर बर्फ धरून बसलीस आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावर खेकसले, "किती वाढवलंस? अक्कल गहाण टाकलीस का?" चौकशीत सगळ्यांनी तू तापमान वाढवलंस, तेवढंच सांगितलं.

आजोबा आता बरे आहेत. परवा त्यांना भेटून आले. "ती बर्फवाली पोरगी कुठंय?" एवढंच विचारत होते.

मागच्या दाराजवळच्या आपल्या खुर्चीवर वरून गार झोत येतो, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी निघतानाच मी नेहमीसारखे ओले कागदी रुमाल तिथल्या हवेच्या दोन जाळ्यांत कोंबले होते. त्यातली एक जाळी हवा सोडते, दुसरी केबिनची हवा ओढून तापमान मोजते. वीस वर्षं उडते आहे, तरी घाईत मी दोन्ही बुजवल्या. ओल्या रुमालाआड यंत्राला गारठाच कळत राहिला आणि ते गरम हवा सोडत राहिलं. आजोबा कोसळले तेव्हा मला आठवलं. तुझी पाठ वळल्यावर मी रुमाल काढून पर्समध्ये टाकले. त्यानंतरच केबिन निवली, आणि मी गप्प बसले. घाबरले होते, दुसरं काही नाही.

ते रुमाल अजून माझ्याकडे आहेत, वाळून कडक झालेले. उद्या सकाळी दहाला चौकशीच्या टेबलावर ठेवणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही. तू फक्त गणवेश कपाटातून बाहेर काढ.

तुझीच, आंटी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
रोइमाता