अकरांतले दहा

बाबा, काल लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं, "पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घरच्यांना काय सांगायचं?" मी तिच्यावर उगाच खेकसले. तिचा बिचारीचा काय दोष?

तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधीचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं होतं. मला लागून तीन महिने झालेले, शहाणपणा नुसता उतू जात होता. एचआयव्हीची पहिली टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. दुसरीचा निकाल मुंबईहून येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम. मी घरी येऊन आईला सांगितलं. "चूक असेल गो," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "मशीन शंभरात एकदा चुकतं, बाबा." आईने एवढंच विचारलं, "मुंबईत वीस वर्षं एकटेच होतात ना?" त्या दिवसापासून तुमचं ताट पडवीत जायला लागलं. ताटातून काही लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले.

आता मी लॅबमधल्या नव्या मुलींना कागदावर मांडून दाखवते. समजा, हजार माणसांत आजार एकालाच आहे. टेस्ट त्याला पकडते, पण शंभर निरोगी माणसांत एकाला चुकून धरते. म्हणजे अकरा पॉझिटिव्ह, आणि त्यातले दहा धडधाकट. तुम्हाला हे शिकवावं लागलं नसतं. आंब्याच्या पेट्या भरताना आतला गर बिघडून साका झाला असेल असा संशय आलेला हापूस तुम्ही बाजूला ठेवायचात, आणि कापल्यावर खराब निघायचा एखादाच. मी फेकायला गेले की ओरडायचात, "आधी काप, मग बोल."

दुसऱ्या रिपोर्टसाठी ऑपरेशन लांबलं आणि नवव्या दिवशी तुमचं आतडं अडकलं. आधीपासून दुखत असणार, पण सांगणार कुणाला? आई बोलत नव्हती, मी समोर येत नव्हते. रिक्षात तुम्ही म्हणालात, "आईला सांग, मी तसा नव्हतो." मी मान डोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

तेरावा झाल्यावर दुसरा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. इतकी वर्षं तो माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, हे पत्रही तिथेच जाईल. आई अजून तुमच्या फोटोला हात लावत नाही. तिला सोसवणार नाही म्हणून दाखवत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते, बाबा. ती आता माझ्या हातचं जेवते, माझ्याशीच चार शब्द बोलते. तेवढं मला घालवायचं नाही.