नाकासमोरची ताटली

आबा, आज कापडे गावच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सहज माफ केलं आणि तुमची इतकी आठवण आली, की महाडचा दवाखाना दुपारीच बंद करून बसले आहे. तुम्ही असतात तर मिळेल त्या एसटीनं पोलादपूर गाठलं असतं. आता तिथं जाऊन भांडू तरी कुणाशी?

त्यांच्या कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतून रक्त यायचं. भरपावसाचे दिवस. बाई म्हणाल्या, "जळू हाय गो बाय, दुसरं काय नाय." मलाही तेच वाटलं. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर असताना तुम्ही करायचात तेच मी केलं. कुत्र्याला तहानलेला ठेवला, पाण्याचं भांडं नाकाखाली धरलं आणि चिमटा घेऊन जळू डोकावायची वाट बघत बसले. कसली डोकावते! रक्त आपोआप थांबलं, म्हणून घरी पाठवला. महिन्यानं आला तो नाकाचं हाड एका बाजूनं फुगलेलं घेऊन. तेव्हा कुठं मी स्टीलची थंड ताटली त्याच्या नाकासमोर धरली. श्वासाच्या वाफेचे दोन ठिपके उमटायला हवेत, उमटला एकच; दुसरी नाकपुडी आतून बंद. मुंबईला स्कॅन झालं, तुकडा तपासला. नाकाचा कॅन्सर. किरणांच्या उपचारांसाठी पुन्हा पुन्हा भूल देऊन न्यायचं, ते बाईंना नको होतं. आता दुखणं कमी करायच्या गोळ्या आणि मऊ भात, एवढंच.

"ताटली मी आधीच धरायला हवी होती," मी म्हणाले.

"तू कशाला जिवाला लावून घेतेस? जळू तर आमीच म्हनलो."

आपल्या तांबड्या कुत्र्याच्या नाकातून असंच रक्त आलं, तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात उकिडवे बसून त्याच्यापुढं भांडं धरलंय, हे अजून दिसतं मला. तो गेला तेव्हा काय तोंड सोडलं मी तुमच्यावर! "ताटली धरायची दोन मिनिटांची तपासणी, तीही जमली नाही? तुमच्या अडाणीपणानं मेला तो." आई ओरडली, "अगो, बाप हाय तुजा!" तुम्ही मात्र अर्ध्या जेवणावरून उठलात आणि हात धुऊन बाहेर गेलात. खरं काय ते तुम्ही आईलाही कधी सांगितलं नाहीत.

हा कागद चिमट्याच्या खणातच राहील. पण आबा, तांबड्याचं रक्त आधी मला दिसलं होतं. तुम्ही कामावरून आलात तेव्हा दारातच मी म्हणाले होते, "जळू आहे, मी बघितलंय नीट."