आडवी मान

आई,

चीज भरलेली बानित्सा ओव्हनमध्ये भाजतेय. ओव्हन बाबांनाच बंद करू दे, मागून तपासायला जाऊ नकोस. मी पेन्कोकाकांकडे बाबांची सायकल परत मागायला चाललेय.

आज विद्यापीठातून फोन आला होता. व्यायामाने निरोगी माणसाची स्मरणशक्ती तल्लख होते का, हे बघायला त्यांनी बाबांना सायकलवर बसवून आकडे ऐकवले होते ना? मघाचाच आकडा पुन्हा आला का, एवढंच सांगायचं होतं. तोंडात श्वास मोजायची नळी, म्हणून बाबा मानेनं सांगत होते. आपल्या देशात मान हो म्हणताना आडवी हलते, नाही म्हणताना उभी. त्या परदेशी बाईंनी नेमकं उलटं धरलं. बाबांचं एकही उत्तर चुकलं नव्हतं गं.

तेव्हा सगळी उत्तरं चुकली असं ऐकून, ‘आता रस्त्यात कुठेतरी हरवेन’ म्हणत त्यांनी सायकल देऊन टाकली, आणि आपल्यालाही ते खरं वाटलं.

फोन ठेवल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. “पटलं ना, बाबा?” विचारलं. मग त्यांनी मान हलवली, उभी.

नेवेना