सतरा वाकड्या चौकटी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, दारे-खिडक्यांच्या कारखान्यातला निवृत्त तपासनीस, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायद्याला त्याचे सोयरसुतक नसावे.

१. राहते घर मुलीला. न्हाणीघराचे दार अडते. जन्मभर दुसऱ्यांची दारे तपासली, घरचे राहून गेले.

२. बँकेतली शिल्लकही तिलाच. शिडी मात्र शेजारच्या शिंप्याला देऊ नये. माझी पहिली शिडी त्याने नेली, ती अजून "उद्या आणून देतो"वरच आहे.

३. गुण्या, ओळंबा आणि पोलादी पट्टी, ही माझी तपासणीची अवजारे, भाच्याला.

४. इंग्रजी शब्दांची निळी वही. आमचे अहवाल मुख्य कचेरीत इंग्रजीतून जात आणि कारखान्यात इंग्रजी येणारा मी एकटाच. मराठीत आम्ही सगळ्यालाच 'वाकडं' म्हणून मोकळे होत असू. कचेरीला ते चालत नसे. म्हणून वहीत उतरवून ठेवले: 'बोड' म्हणजे लांबीत कमानीसारखे वाकलेले. 'कप्ड' म्हणजे रुंदीत पन्हाळीसारखे खोलगट झालेले. 'ट्विस्टेड' म्हणजे पीळ पडलेले. 'वॉर्प्ड' म्हणजे ओल लागून लाकूडच वेडेवाकडे झालेले, दोष कोठाराचा. 'स्क्यूड' म्हणजे जोडतानाच तिरके बसलेले, दोष सुताराचा. ही वही कोणाला देण्याजोगी राहिली नाही. जाळावी.

५. कोठाराची किल्ली माझ्याकडे असे. एका शनिवारी खिडक्या उघड्या टाकून मी घरी गेलो आणि लाकूड दोन दिवस भिजले. सोमवारी कोणाला न सांगता तेच कामाला दिले. त्याच्या सतरा चौकटी वाळल्यावर वेड्यावाकड्या झाल्या. त्या जोडल्या होत्या माझ्या ताईच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी. अहवालात मी सतराही ओळींत 'स्क्यूड' लिहिले. अहवालावर सुताराचीही सही लागे. ती करण्याआधी भाऊजींनी विचारले, "लाकूड ओलं होतं, ते लिहिलंस ना?"

मी म्हणालो, "लिहिलंय, भाऊजी. करा सही."

त्यांनी केली. आठवड्याच्या आत त्यांची नोकरी गेली. पुढे वीस वर्षे ते लोकांच्या खुर्च्यांचे पाय बसवत राहिले. ताई चारचौघांत म्हणे, "यांना एक चौकट धड जमली नाही, नाहीतर माझा भाऊ होता ना पाठीशी!" मी खाली मान घालून तिच्या हातचा चहा पीत असे. मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, आणि तरी मी दुसरा कप मागत होतो.

६. त्या अहवालाची कार्बन प्रत कपाटात आहे. ती भाऊजींना द्यावी आणि कलम पाच ताईसमोर मोठ्याने वाचावे.

७. हे सगळे मी गेल्यावर कळावे असा बेत होता. म्हणजे पुन्हा तोंड चुकवणेच. म्हणून आज सकाळी भाऊजींना बोलावून वाचून दाखवले. त्यांनी टेबलावरचे पेन माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "पाचवं कलम खोड."

"अहो, तुमच्यावरचा डाग पुसला जाईल."

"माझ्यावरचा जाईल रे. पण तिला भाऊ एकच आहे."

८. कलम पाच खोडलेले नाही. भाऊजींची एवढी एक विनंती मला मानता येत नाही. ताई, चौकटी त्यांनी सरळ जोडल्या होत्या.

सही: निवृत्त तपासनीस

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: १२ जून