आबांनी सांगितलेला शेवट

॥ श्री ॥
पेण, २० ऑगस्ट १९९५

चि. सौ. सरूस,
नाथादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे ठीक, तुम्ही रोह्याला तसेच असाल असं धरून चालतो.

गणपतीच्या कारखान्यात मान वर करायला सवड नाही, तरी तुझ्या वहिनीने रविवारी नव्या पिच्चरला नेलंच. तिला आवडला. मला विचारशील तर हिरोच्या घरात आपलं अख्खं मिठागर मावलं असतं, आणि एवढ्या घरात कामधंदा कुणालाच नव्हता. केबलवरही दोन पाहिले. गाणी चांगली, माणसं कंटाळवाणी.

आई टीव्हीसमोर बसते, पण बघत नाही. आबांना जाऊन वर्ष होत आलं. ती बोलत नाही, रडलीसुद्धा नाही, याचीच मला भीती वाटते. परवा मात्र अचानक म्हणाली की तुमच्या आबांनी सांगितलेल्या नावाड्याच्या पिच्चरची सर एकाला नाय. आठवतो ना? तेव्हा आपण मिठागरावर राहायचो; उधाणात बांधावर कुणीतरी हवंच, म्हणून आई मागे राहायची, आबा एकटेच पेणला जायचे आणि येऊन पिच्चर आपल्या सगळ्यांना सांगायचे. आईने थिएटर आतून कधी पाहिलंच नाही.

तर त्याच पिच्चरची कॅसेट मिळाली आहे! थोरले गणपती गेले की साखरचौथीचा गणपती आपल्याकडे बसतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याने व्हिडिओ आणून आईला दाखवणार. निदान त्या निमित्ताने ती चार शब्द बोलेल.

पावण्यांना नमस्कार, पोरांना पापा. आठवण येत राहते, तूही येत राहा.
तुझा,
नाथादादा


॥ श्री ॥
रोहा, ४ सप्टेंबर १९९५

ती. दादास,
सरूचा सा. न. वि. वि. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

दादा, ती कॅसेट परत देऊन टाक. तुझं पत्र वाचून मला काही धीर निघेना. ह्यांची कंपनीत सेकंड शिफ्ट होती, शेजारच्या समीक्षाताईंकडे व्हिडिओ आहे, म्हणून मीही इथून तोच पिच्चर आणला. अरे, नावाडी परत येतच नाही! वादळात सावकाराचं पोर वाचवायला जातो, ते पोर वाचतं, पण हा जातो. होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागते, बायको तिच्याशेजारी बसून राहते, आणि संपला पिच्चर.

मी आपली वाट बघत बसले होते, की आता आबांनी सांगितल्यासारखी पहाट होईल, तो ओलाचिंब येईल, बायको त्याला खडसावेल आणि मग सुकट-भाकरी वाढेल. समीक्षाताईंनी कॅसेट काढली तरी मी बसूनच. हिंदी पिच्चरातला हिरो सुकट-भाकरी कशी खाईल, हे इतक्या वर्षांत आपल्या टाळक्यात आलं नाही! आधी हसले, मग खूप रडले. आबांचा रागही आला रे.

पण माझं सोड. आईजवळ आबांचं म्हणून तेवढं एकच उरलंय. त्यांनी आपल्याला खोटं सांगितलं असं तिला वाटलं तर? आणि नवरा गेलेल्या बाईला ती उलटी होडी दाखवायची? नको दादा. पाया पडते तुझ्या.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. वहिनीला नमस्कार. आगाऊपणा केला असेन, पण माया कमी करू नकोस.
तुझी,
सरू


॥ श्री ॥
पेण, १५ सप्टेंबर १९९५

चि. सौ. सरूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वेळेत पोचलं, पण त्याआधीच तुझ्या वहिनीने आईला कॅसेटचं सांगून टाकलं होतं. त्या दुपारी आई धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसली, आळीतल्या बायकाही तिनेच बोलावल्या. आता नाही कसं म्हणू?

वादळ सुरू झालं तसं मी गुपचूप बटण बंद केलं आणि लाईट गेली म्हणून ओरडलो. डोक्यावर पंखा गरगरत होता! आईने पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मुकाट्याने पुन्हा बटण दाबलं.

होडी उलटी लागली. बायका डोळे पुसायला लागल्या. आई शांतपणे म्हणाली की ह्यांना शेवट जमला नाय. मग आळीतल्या बायजाबाईने विचारलं म्हणून तिने आबांचा शेवट सगळ्यांना सांगितला. वर्षभरात एवढं बोललेली ऐकली नव्हती. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, आई, तो आबांनी मनाने जोडला होता. तर ती म्हणाली, मला काय ते ठाऊक नाय व्हय?

सरू, मग तिने सांगितलं, तो पिच्चर बघायला आबा गेले त्या रात्री खाडीला मोठं उधाण होतं. बांध फुटल्याची बोंब झाली, आणि आबांना त्याच बांधावरून चालत यायचं. आईने अख्खी रात्र दारात काढली. पहाटे ते भिजून आले तेव्हा नाही नाही ते बोलली, आणि मग जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी आबांनी पिच्चर सांगितला, तर नावाड्याची बायको नवऱ्याला तेच बोलत होती, शब्दाला शब्द. आई म्हणाली, तुम्ही पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत व्हतात, आनि मी लाजून मान वर केली नाय.

  मग म्हणाली, ह्या बारीला मातर आले नाय रे ते. एवढं बोलून तिचा बांध फुटला. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.

पहिल्या गाडीने निघून ये. तिला तू हवी आहेस.
तुझा,
नाथादादा