थरथरती रेघ

६ जानेवारी, शनिवार
संकल्प. १८ मेला सईच्या लग्नात हॉलच्या दारावर ‘आनंद’ हे चिनी अक्षर लागेल, आणि ते मी लिहिलेलं असेल. जावयाकडची चिनी मंडळी थक्क होणार. बेलव्ह्यूच्या कम्युनिटी सेंटरमधला चिनी सुलेखनाचा क्लास जॉइन केला. शरयू म्हणाली, आधी डॉक्टरांना हात दाखव. बायकोला कलेतलं काही कळत नाही.

१३ जानेवारी
लिन मॅडम शिकवतात. समोर जुन्या शिलालेखांचे कागदावर घेतलेले ठसे. काळ्यावर पांढरी अक्षरं, कडा झिजलेल्या. दोनेकशे वर्षांपूर्वी चीनमधल्या लिहिणाऱ्यांना गुळगुळीत अक्षरांचा कंटाळा आला आणि ते या दगडांकडे वळले. पुढे काही जण दगडाचा खडबडीतपणा यावा म्हणून ब्रश मुद्दाम थरथरवत. वर्गातले सगळे हात हलवून दमले. माझी रेघ पहिल्याच फटक्यात थरथरली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. काही गोष्टी उपजतच असतात.

१५ जानेवारी
डॉक्टर कॅन्सल केला. प्रॅक्टिस महत्त्वाची.

३ फेब्रुवारी
शरयू हल्ली चहा अर्धाच कप देते. म्हणते, दोनदा घे. हिच्या डोक्यात कुठलं डाएट शिरलंय कोण जाणे.

१८ फेब्रुवारी
शर्टाच्या काजांची क्वालिटी राहिली नाही. बटण जाता जात नाही. उद्यापासून फक्त टी-शर्ट.

९ मार्च
सई आली होती. माझी किराण्याची यादी हातात धरून विचारलं, “बाबा, व्हाय इज युअर रायटिंग सो टायनी?” कागद वाचतो, असं सांगितलं. मग मायलेकी किचनमध्ये कुजबुजत होत्या. लग्नात मला काहीतरी सरप्राइज देणार बहुतेक.

३० मार्च
मॅडम म्हणाल्या, आता थरथर काढून एक साधी रेघ ओढा. एवढं साधल्यावर पुन्हा पहिलीत बसायचं? तरी ओढली. चाळीस कागद गेले. सगळे घरी गेले तरी मी ओढत होतो. मॅडमनी ब्रश काढून घेतला. त्यांच्या वडिलांचा हातही शेवटी असाच झाला होता म्हणाल्या. वडील मोठे कलावंत असणार.

११ एप्रिल, गुरुवार
न्यूरॉलॉजिस्ट. मी कॅन्सल केलेली अपॉइंटमेंट शरयूने परत घेतली होती. डॉक्टरने स्पायरल काढायला लावलं. जीव ओतून काढलं, दगडी वळणाचं. त्याने कौतुक केलं नाही.
पार्किन्सन्स.
येताना गाडी शरयूने चालवली. दिवाळीपासून तिला शंका होती. मग गप्प का बसलीस, असं मी चिडून विचारलं. समोर बघत म्हणाली, “किती खुशीत लिहीत होतास तू.”
फार वाईट वाटलं. आणखी काय लिहू.

१८ मे, शनिवार
दारावर अक्षर लागलं. पार्टी स्टोअरमधलं, छापील. कडा एकदम सरळ. माझे कागद गॅरेजमध्ये आहेत. जावयाच्या आजीला दारावरचं अक्षर फार आवडलं. मीही छान आहे म्हटलं.
कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी शरयूला सांगितलं, यजमानांच्या हाताला हात लावा. इतकी वर्षं प्रत्येक पूजेत ती बोटं टेकवते, तेवढंच. आज तिने माझं मनगट खालून घट्ट धरलं. पाणी सांडलं नाही. लोकांना वाटलं, विधीच आहे.
गुरुजी म्हणाले, आता सोडा. तिने सोडलं नाही.