सईच्या फ्रॉकच्या कॉलरी

मंगळवार, रेवदंडा. दिवेलागण.

आज सईची मान अलिबागला लहान मुलांच्या सर्जनना दाखवली. जन्मापासून उजवीकडे मऊ गाठ होतीच, पण मागच्या तापात ती एकदम लिंबाएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही, घाबरू नका. पोटात असतानाच अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या नीट जुळल्या नाहीत, म्हणून तिथे पाणी साठतं. सुईने आत औषध सोडू. दोन-तीनदा यावं लागेल, पण गाठ आकसेल."

मग त्यांनी जुने फोटो मागितले, गाठ कधी किती होती ते बघायला. मोबाइलमध्ये शेकड्यांनी फोटो. बारसं, वाढदिवस, बंदरावरचे. एकाही फोटोत मान नाही. सगळीकडे माझी कॉलर.

बारशाला सासूबाई म्हणाल्या होत्या, "झाकून ठेव गो, लोक इचारतील." मी शिवणकाम करणारी, मला काय जड? सहा वर्षं प्रत्येक फ्रॉकला उंच कॉलर लावली. मे महिन्यातसुद्धा. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी नक्की कुणाला जपत होते? तिला, की मला?

घरी येऊन कॉलरी उसवायला बसले. सई शेजारी बसून धागे गोळा करत होती. निळा फ्रॉक आधी झाला. तो घालून ती आरशासमोर गेली, दोन्ही हात मानेवर ठेवले आणि म्हणाली, "आई, आता लोक आले की मी असं धरून उभी राहू?"